बोडीकाठची जमीन रविताच्या नावे

मी, श्रीमती शामकला केशोराव टेंभरे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा शेती व घरकाम, राहणार कामठा, तालुका व जिल्हा गोंदिया, सध्या मुक्काम आमगाव येथे मुलगी योगेश्वरी हिच्या घरी, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गेल्या वर्षी लकव्याने माझे डावे अंग गेले. बुद्धी गेलेली नाही. जीभ जड झाली आहे, पण सांगायचे ते सांगता येते. लिहिण्याचे काम वकील श्री. उमेंद्र पटले करीत असून प्रत्येक कलम मला वाचून दाखवत आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असे लिहायचे असते. दबाव आयुष्यभर होता. आज या खोलीत नाही.

वकीलसाहेब सुरुवातीलाच म्हणाले, "काकू, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, गोष्टी नाही." मी म्हटले, "जमीन कशी आली हे नाही लिवलं तं ते सुनेलेच काऊन देऊन राहिली, हे लोकाइले कसं समजीन?" ते हसले आणि त्यांनी नवा कागद घेतला.

कलम १. माझे पती केशोराव चार वर्षांपूर्वी हृदयविकाराने वारले. मुलगा खुमेंद्र, त्याची पत्नी रविता आणि मुलगी योगेश्वरी एवढेच माझे आहेत.

कलम २. कामठ्याच्या राहत्या घरात माझा जो काही हिस्सा निघेल तो खुमेंद्रला द्यावा. त्या घरात मी चाळीस वर्षे राहिले, तरी ते मला माझे वाटले नाही, म्हणून देताना काही जड जात नाही. माझ्या पाटल्या योगेश्वरीला द्याव्यात.

कलम ३. माझा थोरला भाऊ चैनलाल याने दर भाऊबीजेला आणलेल्या साड्या पत्र्याच्या पेटीत आहेत. त्यातली एकही मी नेसलेली नाही. त्या सगळ्या त्याच्या घरी परत पाठवाव्यात. कारण त्याला माहीत आहे, पण त्याच्या नातवंडांना माहीत नसेल, म्हणून लिहिते.

माझे माहेर आमगावच्या स्टेशनाजवळचे. तिथे शाळेत असताना मी धावत असे. मी धावू शकते हे सर्वांत आधी आमचे खेळाचे शिक्षक ईश्वरदास मेश्राम गुरुजी यांच्या लक्षात आले. वाचनालयातल्या वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरून जे कळेल ते गुरुजी आम्हाला मैदानावर सांगत. इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमच्या दगडी रस्त्यावर अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, आपल्या बिहारचा शिवनाथ सिंगही अनवाणी धावे, हे त्यांनीच सांगितले. माझ्याही पायात काही नसायचे, त्यामुळे ही माणसे मला भाऊबंदांसारखी वाटत. बायकांची हकीगत मात्र वेगळी होती. ऑलिम्पिकमध्ये पूर्वी एकदा बायकांना आठशे मीटर धावू दिले. शेवटी काही जणी दमून बसल्या, तर लोकांनी ओरड केली की बाईच्या शरीराला हे झेपत नाही. ती शर्यत तीसेक वर्षे बंद राहिली. धापा टाकणाऱ्या पुरुषाला कोणी असे म्हटले नव्हते. पुढे अमेरिकेत बॉबी गिब नावाच्या मुलीला बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये नाव देऊ दिले नाही, तेव्हा ती झुडपात लपून बसली आणि शर्यत सुटल्यावर पुरुषांच्या घोळक्यात शिरली. दुसऱ्या वर्षी कॅथरीन स्विट्झर नंबर लावून धावली, तर एक अधिकारी मध्येच तिच्या अंगावर धावून गेला.

चौऱ्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही रोवणीत होतो, गुडघाभर चिखलात. गुरुजी सायकल बांधावर टाकून ओरडले, "शामकला, झालं व! ऑलिम्पिकमधी बायकाइची मॅरेथॉन झाली! जोन बेनॉइट नावाच्या बाईनं जिंकली!" रोवणाऱ्या बाया खदखदून हसल्या. एक म्हणाली, "मंग आमी का करावं मास्तर? धान रोवाचं सोडून द्यावं का?" मीही हसले. पण ती बाई गुडघ्याची शस्त्रक्रिया करून उठली होती, असे गुरुजींनी सांगितले, तेव्हा मी हातातली रोपांची पेंडी तशीच धरून उभी राहिले.

त्या हिवाळ्यात नागपूरला क्रॉस कंट्रीची, म्हणजे रानातून धावायच्या लांब शर्यतीची, निवड होती. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई आम्हा मुलींना आमगावहून गाडीने नेणार होते. घरून होकार मिळाला होता, असे मी समजत होते. निघायच्या सकाळी चैनलालदादा म्हणाला, "माय सूप मांगते. कोठीतून घेऊन ये." मी आत गेले आणि बाहेरून कडी लागली.

"दादा, कडी काढ!"

"गाडी जाऊ दे. मंग काढतो."

कोठीत धानाची पोती होती आणि वर हात पोचणार नाही असा एक झरोका होता. थोड्या वेळाने अंगणात गुरुजींचा आवाज आला. माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, सांगितले, "पोरगी मामाच्या गावाले गेली." मी जीव तोडून ओरडले. गुरुजी म्हणाले, "पाटील, तिचा आवाज तं आतूनच येऊन राहिला." बाबूजी म्हणाले, "मास्तर, तुमी शाळेपुरते मास्तर. हे घर आमचं आहे. आणि तुमी कोन, आमी कोन, हे आमच्या तोंडून नोका वदवू." त्यानंतर सायकल ढकलत नेल्याचा आवाज आला. मला बॉस्टनच्या झुडपातली मुलगी आठवत होती. तिला झुडपातून पलीकडे निघता आले. कोठीला पलीकडची बाजू नसते.

गाडीची शिटी मी आतूनच ऐकली. त्यानंतर दादाने कडी काढली आणि मायने जेवणाचे ताट पुढे केले, जणू मी शेतावरून आले होते. उन्हाळ्यात माझे लग्न झाले. गुरुजींची बदली सालेकशाकडच्या जंगलातल्या शाळेत झाली. ती कोणी करवली हे मला कधी कळले नाही.

म्हणून त्या साड्या परत.

कलम ४. तालुक्याच्या शर्यतीत मिळालेले माझे पदक मी घरच्यांच्या भीतीने गुरुजींकडे ठेवले होते. गुरुजी आता नाहीत. पदक सालेकशाला सुमनबाईंकडे आहे. ते कोणीही मागायला जाऊ नये. ते त्यांचेच.

कलम ५. कामठा येथील बोडीलगतची, म्हणजे शेततळ्याकाठची, दोन एकर धानाची जमीन माझ्या एकटीच्या नावे आहे. सातबारा वकीलसाहेबांनी पाहिला आहे. ही जमीन मला माहेरची म्हणून मिळाली नाही आणि नवऱ्याने लाडाने दिली असेही नाही.

सासरी आल्यावर माझे धावणे सुटले, असे सगळे समजत. मी शेतावर शिदोरी घेऊन जाई. गावातले शेवटचे घर मागे पडले की पदर खोचून धावू लागे आणि बांधावर माणूस दिसला की चालू लागे. अशी कित्येक वर्षे गेली. त्या काळात मी कधी थकले नाही, पण थांबवले जाण्याची इतकी सवय झाली की पुढे बांध मोकळा असला तरी पाय आपोआप मंदावत.

मुले लहान असताना एका पावसाळ्यात याच बोडीकाठी, तेव्हा आम्ही ठेक्याने करत असलेल्या धानाच्या बांधीत, केशोरावांना साप चावला. आसपास कोणी नव्हते. चिखलामुळे बैलगाडीसुद्धा येत नव्हती. मी त्यांना म्हटले, "हालू नोका. मी येतो," आणि धावले. कोण पाहते, कोण हसते, हे त्या दिवशी माझ्या मनात आले नाही. काट्यातून, पाण्यातून गावापर्यंत एकदाही न थांबता गेले, जीपवाल्याला उठवले, चार माणसे घेतली आणि त्यांच्या पुढे धावत परत आले. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितले की वेळेवर आणले म्हणून वाचले.

शुद्धीवर आल्यावर केशोराव मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "लोकाइले सांगजो, शेजारचा पोरगा पळत आलता. बायको पदर खोचून गावभर पळाली म्हनलं तं हसतीन." मी मान हलवली. जीपवाल्याला आणि त्या चार माणसांना खरे माहीत होते, पण केशोरावांच्या शब्दाखातर त्यांनीही तेच सांगितले. शेजारच्या मुलाचा सत्कार झाला. त्याच्या गळ्यात हार पडला तेव्हा मी चहा देत होते.

वर्षभराने ती जमीन विकायला निघाली. केशोरावांनी घेतली आणि माझ्या नावे केली. नोंदणीच्या वेळी एवढेच म्हणाले, "अंगठा नोको देऊ. सही कर. तुले येते." आभार म्हणून त्यांना जेवढे जमले ते हे. मी त्यांना वाईट नवरा म्हणत नाही. पण ते मेल्यानंतरही गावात तीच खोटी गोष्ट चालू आहे, आणि ती आज मी या कागदाने खोडून टाकते.

कलम ६. वरील दोन एकर जमीन, तीवरील विहीर व पंपासह, माझ्या पश्चात माझी सून रविता खुमेंद्र टेंभरे हिची एकटीची, पूर्ण मालकीची होईल. तिने ती विकावी, कसावी, ठेक्याने द्यावी, तिची मर्जी. खुमेंद्रने तिला सोडले किंवा तिने त्याला सोडले तरी यात बदल होणार नाही.

रविता पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना त्यात आठशे मीटर धावायचे असते. मी तिला म्हटले, "ज्या आठशे मीटरसाठी बायाइले इतके वर्ष घरी बसवलं, तेच तुले नोकरीसाठी धावाचे आहेत." तिला हे सगळे नवे होते. पहाटे ती गोंदियाच्या रस्त्याला धावे. कोणीतरी तिचा व्हिडिओ काढून गावातल्या मोबाइलवर फिरवला. खुमेंद्रचे मित्र हसले. दुसऱ्या दिवसापासून तो फाटकाला कुलूप लावून किल्ली खिशात घालून कामाला जाऊ लागला. मी त्याला म्हटले, "बापू, असं नोको करू." तो म्हणाला, "माय, तुले का समजते बाहेरचं?" बाहेरचे मला खरेच थोडे समजते. आतले सगळे समजते.

तेव्हापासून रविता अंगणात धावते, तुळशीपासून गोठ्यापर्यंत आणि परत, घाण्याच्या बैलासारखी.

मला झटका आला त्या सकाळी फाटकाला कुलूप होते. मी चुलीजवळ पडले. खुमेंद्र गोंदियाला होता, फोन उचलत नव्हता. शेजारी शेतावर गेले होते. रविता भिंतीवर चढली. वर काचा लावलेल्या आहेत. ती पलीकडे उतरली आणि रक्ताळलेल्या हाताने धावत बसस्टँडवरून ऑटो घेऊन आली. ऑटोवाल्याने दगडाने कुलूप फोडले. डॉक्टर म्हणाले की थोडे आधी आणले असते तर हात वाचला असता.

खुमेंद्र माझ्या पायांवर डोके ठेवून रडला. खोटा रडला नाही, माझा मुलगा आहे, मी ओळखते. महिनाभराने त्याने नवे कुलूप आणले. नातेवाईकांना तो सांगतो की मला शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेले.

म्हणून केशोरावांनी जे केले ते मी करणार नाही. येथे साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवते: रविता धावली. तिच्यामुळे मी जिवंत आहे.

वकीलसाहेबांनी सुचवले की अट घाला. खुमेंद्रने कुलूप काढले तर अर्धी जमीन त्याला, नाही तर सगळी तिला. मी नाही म्हटले. जमिनीच्या लोभाने काढलेले कुलूप सातबाऱ्यावर नाव चढले की परत लागते.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी योगेश्वरी करील. हे गुपित ठेवायचे नाही. वकीलसाहेब म्हणतात की मृत्युपत्र माणूस मेल्यावरच चालते. रविताची मैदानी चाचणी त्याआधी आहे, आणि लवकर मरणे माझ्या हातात नाही. म्हणून उद्या मी कामठ्याला परत जाईन तेव्हा योगेश्वरीने हे खुमेंद्रसमोर, माझ्या देखत, पहिल्या ओळीपासून वाचावे.

योगेश्वरी आत्ता माझ्याजवळ बसून रडत आहे. म्हणते, "माय, इथंच राय ना. त्या घरात परत काऊन जाऊन राहिली? तिथून तुले कोन बाहेर काढन?"

मी म्हटले, "मले नाही काढाचं कोनी. रविता तिथं आहे व, तिले काढाचं आहे."

शेवटची सूचना जिवंतपणीची आहे. मृत्युपत्रात ती बसत नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून घ्यावी. उद्या घरी गेल्यावर माझी खाट माजघरात नेऊ नये. फाटक उघडून ती बरोबर फाटकाच्याच उंबऱ्यात, आडवी टाकावी. मला स्वतःहून कूसही बदलता येत नाही, तेव्हा ज्याला फाटक लावायचे असेल त्याने आधी आपल्या आईला उचलून बाजूला ठेवावे. रविता लहान चणीची आहे. पायथ्याकडून तिला जाता येईल.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. उजव्या हाताने सही करते.

शामकला केशोराव टेंभरे

साक्षीदार: आम्ही दोघे सही करतेवेळी हजर होतो. बाई पूर्ण शुद्धीत होत्या आणि सही त्यांनी आमच्यासमोर केली.
१. डॉ. प्रफुल्ल हिरालाल रामटेके, आमगाव
२. ॲड. उमेंद्र बकाराम पटले, आमगाव

स्थळ: आमगाव, जिल्हा गोंदिया
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५