गुंडूसमोर जे बोललात

मी, खाली सही करणारी, निवृत्त परिचारिका, अविवाहित, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि मागे कोणी उभे नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो थोरल्या भावासाठी आहे. पुढचे वाचून तो पहिल्यांदा हेच म्हणणार, की म्हातारीला भ्रम झाला होता.

१. माझी मिळकत म्हणजे हा दोन खोल्यांचा राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि घरातील सामान. सर्व स्वकष्टार्जित. वडिलोपार्जित माझ्याकडे काही नाही. वडिलांचे घर थोरल्याने विकले आणि माझा वाटा म्हणून मला गुंडू दिला.

२. गुंडू हा आमचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली आहे, समज लहान मुलाची. फिट येते, डावा हात आखडतो, घास चुकीच्या नळीत जातो. मनाने वाक्य जुळवून त्याला बोलता येत नाही. कानावर पडलेले मात्र तो जसेच्या तसे, बोलणाऱ्याच्याच आवाजात परत बोलतो. माझ्या वॉर्डात असे आणखी काही जण होते.

३. मागच्या हिवाळ्यात थोरला आणि वहिनी तब्येतीची चौकशी करायला आले होते. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर तुम्ही आवाज खाली केलात तो माझ्यासाठी; शेजारी बसलेला गुंडू तुमच्या हिशेबी खुर्चीच होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाठीला साबण लावत होते. तो थोरल्यासारखा खाकरला आणि म्हणाला, "हिच्यामागे याला कुठेतरी टाकू आणि ही जागा फुंकून मोकळं होऊ." लगेच वहिनींच्या आवाजात, "अहो, हळू! आधी ती जाऊ तर दे." त्यानंतर वहिनींचे ते हसू. मग माझ्या आवाजात, "पाणी घालू का डोक्यावर?" म्हणजे त्याला पाणी हवे होते. मी घातले.

सबब थोरला भाऊ, त्याची पत्नी व मुले यांना माझ्या मिळकतीत कवडीचाही हक्क नाही. आयत्या बिळावर नागोबा व्हायचे तर दुसरे बीळ शोधा. वेड्याच्या बोलण्यावरून बहिणीने हक्क डावलला म्हणून कोर्टात जायचे असेल तर खुशाल जा. ज्याला साधी गोष्ट रचता येत नाही तो खोटे कुठून रचणार? कोर्टाने त्यालाच बोलावले तर पंचाईत तुमची होईल. तुमची बरीच भाषणे त्याला पाठ आहेत.

४. फ्लॅट गुंडूच्या हयातीपर्यंत गुंडूचा. आमच्या वॉर्डातले परिचारक ब्रदर, ज्यांच्याबरोबर मी निम्मी नोकरी केली, सपत्नीक येथे राहतील आणि त्याचे सर्व करतील. ठेवींचे व्याज त्यांना मिळेल, पण गुंडू जिवंत आहे तोवरच. त्याच्यानंतर फ्लॅट आणि ठेवी त्यांनाही नाहीत. तो दिवसा जातो त्या, त्याच्यासारख्यांच्या शाळेला सर्व द्यावे.

हे ऐकून ब्रदर दुखावले. "सिस्टर, आमच्यावर एवढाही विश्वास नाही?"

मी म्हटले, "आहे, म्हणूनच सांगते. चांगला माणूससुद्धा दमला की आधी घराकडे बघतो आणि मग आजाऱ्याकडे बघतो. वॉर्डात नातेवाईक कसे बघायचे, विसरलात?"

ते म्हणाले, "तसंच लिहा." गुंडूच्या मरणाने कोणाचाही फायदा होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

५. गुंडूला ताठ बसवूनच भरवावे. घोट पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा चमचा नाही. तो कानशिलावर मारून घेऊ लागला तर झोपेचे औषध देऊ नये. आधी दात पाहावेत, कान पाहावेत, पोट साफ झाले का पाहावे. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तो थोरल्याकडे होता. "फार त्रास देतो गं," असा फोन आला. डॉक्टर म्हणाले, अशांचा स्वभावच असतो. औषध पाजून त्याला निजवून ठेवले. मी कुबडीवर घरी आले तेव्हा गाल सुजून डोळा मिटला होता आणि दाढेत पू झाला होता. हे मी माफ केलेले नाही.

६. रक्तदाबाचे यंत्र ब्रदरना. माझ्या बांगड्या मोडून गुंडूच्या दातांसाठी ठेवाव्यात. निवृत्तीच्या वेळी वहिनींनी दिलेली शाल त्यांना परत. ती त्यांना ज्यांनी दिली होती त्यांचे नाव पाकिटावर अजून आहे. माझा फोन थोरल्याला. उंटावरून शेळ्या हाकण्याची त्याला सवय आहे.

७. माझ्यामागे भाषणे नकोत. मेल्या म्हशीला मणभर दूध असते, हे मला ठाऊक आहे.

८. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. आई गेली तेव्हा थोरल्याने गुंडूला सांगितले, "आई गावाला गेलीय, येईल." गुंडू बूट घालून दाराशी बसायचा. काढू द्यायचा नाही. पुढे कितीतरी वर्षे घास तोंडाशी नेला की तो थोरल्याच्या आवाजात म्हणायचा, "आई गावाला गेलीय, येईल."

म्हणून माझ्याबाबतीत ताई झोपलीय, ताई दवाखान्यात आहे, असले काही सांगू नये. झोपलीय म्हणालात तर तो झोपायला घाबरेल. त्याला माझ्याजवळ आणावे, माझा हात हवा तेवढा वेळ धरू द्यावा, घाई करू नये. सांगायचे ते एकदाच, खरे सांगावे. मात्र ज्या आवाजात सांगाल त्याच आवाजात तो ते जन्मभर ऐकवत राहील. थोरल्याचा आवाज मला नको. ब्रदर सांगता सांगता रडतील.

तेव्हा ते काम मी स्वतःच सुरू केले आहे. रोज आंघोळ घालताना त्याला सांगते, "ताई मेली. आता ब्रदर पाणी घालतील." काल त्याने ते पहिल्यांदा माझ्याच आवाजात म्हणून दाखवले. आवाज फार कापत होता. तो नीट होईपर्यंत मला मरायला सवड नाही.

लिहून ठेवणार: (सही)
वरील सही आमच्यासमोर झाली. त्यांनी मजकूर आम्हाला स्वतः वाचून दाखवला.
साक्षीदार: तळमजल्यावरचे शिंपी (सही)
साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: आजचा, ब्रदरांच्या सुट्टीचा सोमवार