आंब्याच्या खोलीतलं माझं बंद नाक

अण्णा, धाकट्या बहिणीचा मला फार हेवा वाटायचा. वैशाखात आंब्याच्या खोलीत तुम्ही तिलाच घेऊन जायचात. दाबलेलं फळ काळं पडतं, म्हणून पेंढ्यावर ओणवं होऊन, नुसत्या वासावरून पेटीत भरण्याजोगा थर ओळखायचा, ही आपल्या घरची रीत. ती वाकायची आणि लगेच सांगायची. तुमचा थोरला मुलगा मी, पण मला वासच येत नव्हता. बारा महिने नाक चोंदलेलं, तोंड उघडं. वेखंडाची धुरी झाली, मिठाचं पाणी झालं. "देवानं नाक दिलंन कशाला तुला?" असं तुम्ही गड्यांसमोर म्हणालात, ते मला अजून लागतं.

तिचं लग्न झाल्यावर तरी माझी पाळी येईल असं वाटलं होतं. पण आंब्याच्या दिवसांत तुम्ही तिला देवरुखाहून माहेरी आणवायचात. एका वर्षी ती सासरी परतली त्याच दुपारी, तुम्ही बाहेर असताना, मी खोलीत शिरलो, हुंगल्यासारखं केलं आणि नुसता रंग पाहून पेट्या भरवल्या. आगबोटीनं मुंबईला पोचेपर्यंत आंबा पार उतरला. व्यापाऱ्याचं पत्र आलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, तो थर जाताना धाकटीनंच दाखवला होता. पुढल्या वैशाखात तुम्ही तिला बोलावलं नाहीत. मला बरं वाटलं.

त्याच पावसाळ्यात माझा रात्रीचा श्वास अडायला लागला आणि तुम्ही मला डॉक्टरांकडे नेलंत. कपाळाला आरसा बांधून त्यांनी आत पाहिलं. ही साधी सर्दी नव्हे, म्हणाले. नाकातलं अस्तर सुजून त्याचे घोस लोंबतायत, वास वर पोचणार कसा? याला कित्येक वर्षं वास येत नसणार. बधिर करायच्या औषधाचे बोळे घालून त्यांनी तारेच्या फासानं ते कापून काढले. थाळीत ताडगोळ्याच्या गरासारखे पांढुरके तुकडे पडले. हे पुन्हा वाढतात, असंही त्यांनी बजावलं. तुम्ही थाळीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

पंधरा दिवसांनी मला पहिला वास आला तो तुमच्या घामेजल्या उपरण्याचा. पुढल्या वैशाखात धाकटी पुन्हा खोलीत होती. तुम्ही पेट्यांचं विसरलात, अशी मी समजूत करून घेतली. दोन वर्षांत माझं नाक परत बंद झालं.

तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात तिला सगळं सांगून टाकलं. आता तिचेही केस पिकलेत. ती शांतपणे म्हणाली, "ठाऊक होतं रे दादा. तुला डॉक्टरांना दाखवलंनी, आणि दुसऱ्याच दिवशी अण्णा देवरुखास आले. माझी माफी मागितलीनी. वासच येत नाही तर रंग पाहून तूच पेट्या भरवल्या असणार, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्याला बोलू नको म्हणाले, नाक बंद होतं बिचाऱ्याचं."

मला हलकं वाटायला हवं होतं. पण माफी मागायला तुम्ही डोंगर चढून तिच्याकडे गेलात, मी तर घरातच, तुमच्या शेजारच्या खाटेवर होतो; गड्यांसमोरच्या त्या बोलण्याची माझी माफी मात्र राहिली. लबाडी माझी, हे कबूल. तरी इतकी वर्षं तुम्ही दोघांनी मिळून मला सांभाळून घेतलंत, याचाही मला हेवाच वाटला.

हे पत्र मी तिला दाखवणार नाही. तिला ठाऊक नसलेलं असं काहीतरी, अण्णा, तुमच्या-माझ्यातही असू दे.