पंपाला सील

डार्मश्टाट, ऑगस्टमधला मंगळवार, संध्याकाळ

पुन्हा तोंड सुटलं माझं. तेही ऋचावर!

ओढ्याचं पाणी ठरलेल्या खुणेखाली गेलं म्हणून सरकारने त्यातून पाणी उपसणाऱ्या पंपांचे परवाने थांबवलेत. आमच्या रोपवाटिकेत तपासणीला कोण यावं, तर ऋचाच. युनिव्हर्सिटीत माझ्या शेजारी बसायची. तिने डिग्री घेतली, मी शिक्षण मध्येच सोडलं. सोबत तिचा जर्मन सहकारी होता. त्याला कळणार नाही म्हणून मी मराठीत म्हणालो, "आपल्यातलीच ना तू? दोन दिवस कानाडोळा कर की." तिने शांतपणे जर्मनमध्ये नाही म्हटलं आणि पंपाला सील लावलं. मग भडकलोच मी. टोमॅटो मेले तर माझी नोकरी जाईल, तुझं काय जातंय, असलं काहीबाही.

सहकारी गाडीकडे गेल्यावर ती मराठीत बोलली. "ओरडून पाणी वाढतं का रे? बादली आण."

ओढ्याच्या पुलाखाली उरलेल्या डबक्यात बोटाएवढे मासे तडफडत होते. आम्ही दोघांनी ते खालच्या डोहात सोडले. ओंजळीत मासा धरताना ती श्वाससुद्धा घेत नव्हती. मी माशाकडे बघत होतो? छे. अजून ती ओंजळच दिसतेय.

"सॉरी," म्हणालो.

"बघू. गुरुवारी परत तपासणी आहे. चांगला पाऊस झाला तर बंदी उठेल, मग नाही यायची मी."

मालक आत्तापर्यंत ढग शोधत होता. मीही शोधले, दिसू नयेत म्हणून. टोमॅटोंनो, नळाच्या पाण्यावर गुरुवारपर्यंत कसाही तग धरा रे.