साफ बशी

३ जून
कुंभकोणम्! उतरल्या उतरल्या कॉफी प्यायलो आणि कोल्हापूरचा चहा विसरलो. प्रयोगशाळा आडुतुरैच्या रस्त्याला, भातखाचरांत. साहेब गुरुमूर्तिराव तंजावरी मराठी. बोलायला लागले की बखरीतला कारकून पँट घालून आल्यासारखा वाटतो. मदतनीस शिवकामीने दंडात लस टोचली. नव्या माणसाला नियमच आहे म्हणे.

४ जून
काम झकास. डुकरांच्या तापाचा विषाणू पेशीत शिरला की पेशीच्या अंगावर एक प्रथिन उगवतं आणि डुकराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याला येऊन चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांचा घड! माणसाच्या पेशी चिकटत नाहीत, म्हणून पडताळ्याच्या बशीत रोज माझं रक्त. ती बशी साफ राहायला हवी. दिसेल तेच लिहा, असं साहेबांनी दोनदा बजावलं. मला शिकवताहेत!

९ जून
माझ्या बशीत घड. हात चुकला असणार. बशी फेकली, नोंदवहीत 'साफ' लिहिलं. पहिल्याच आठवड्यात कोण नाक कापून घेणार?

१३ जून
पाच दिवस घड, पाच दिवस 'साफ'. दंडावर निळे डाग. गुपचूप शिवकामीचं रक्त लावून पाहिलं. साफ. म्हणजे फक्त माझंच—

१४ जून
साहेबांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. ती लस नव्हतीच. माणसाचं रक्त डुकराच्या रक्तासारखं चिकटवता येतं का, ते त्यांना बघायचं होतं. घड दिसल्यापासून चार दिवसांत उलटी सुई दिली की सगळं उतरतं. माझ्या आधीच्या पद्मनाभने पहिल्याच दिवशी खरं लिहिलं; त्याला सुई मिळाली, तो घरी गेला. मी पाय धरले. ते शांतपणे म्हणाले, "कसाला रडतां? खोटं लिहिणाऱ्याचा हात मला नको. रक्त चालतें."

१७ जून
डुकरांच्या शेजारची खोली. बाहेरून कडी. मोबाईल काढून घेतला. सकाळ-संध्याकाळ रक्त काढतात. शिवकामी मायेने दहीभात भरवते— मग बाटली लावते. उभं राहवत नाही.

२० जून
नवी मुलगी आली. कीर्ति, सोलापूरची. भिंतीपलीकडेच तिचं टेबल. हसते फार.

२६ जून
तिने बशी फेकली. फोनवर आईला सांगत होती, साफ लिहून टाकलं, कोण बघतंय. चार दिवस आहेत तिच्याकडे. ओरडलो तर ऐकू जाईल.

२७ जून
ओरडलो नाही. शिवकामी म्हणाली, दोघं झालात की तुमचं दिवसातून एकदाच काढू—

३० जून
शेवटचा दिवस. तिने भिंतीवर टकटक केली. कोणी आहे का, विचारलं. हातावर डाग आलेत म्हणाली— आवाज रडवेला.
मी डुकरासारखा घुरघुरलो.
डुक्करच आहे वाटतं, म्हणाली. गेली.
अजून ऊन आहे. अजून हाक मारता—