आबांच्या फोनातली माझी फाईल

८ सप्टेंबर

आबांनी आज फोन उलटा धरून हापटला. जणू फाईल खाली पडणार! "डाऊनलोड करतो गं, पर जातंय कुठं?" मेंढ्यांच्या लसीचा दाखला हवा होता. दाबला की दिसतो, बंद केला की गायब. मग पुन्हा दाबायचा. शेजारच्या बंकटकाकांचा आबांना सल्ला — "मेमरी भरली आसंल तात्याबा, बंद करून चालू कर."

उद्या मीच शोधते. माझं नर्सिंगचं पत्र पण ह्याच फोनवर यायचंय. विचारलं की आबा म्हणतात, "आलं न्हाई बा." प्रवेशाची शेवटची तारीख पंधरा!

९ सप्टेंबर

डाऊनलोडच्या फोल्डरात सापडलं सगळं. दाखला एक नाही, सतरा!

आणि माझं पत्र. बीडचं कॉलेज मिळालंय! पण तारीख — २ सप्टेंबर. तेही तीनदा उतरवलेलं. म्हणजे आबांनी तीनदा बघितलं आणि मला "न्हाई बा"?

त्याच्यावर ३ तारखेची फाईल. माझा लग्नाचा बायोडाटा. कडा गावच्या कॉम्प्युटरवाल्याकडून टाईप केलेला. रंग गोरा — खोटं. स्वयंपाकाची आवड — त्याहून खोटं. शेवटची ओळ — 'साटंलोटं चालेल.'

म्हणजे परमेश्वरदादाला गेल्या महिन्यात बघितलेली आष्टीची पोरगी, आणि तिच्या भावाला मी. आबा बाजारात मेंढी घेतात तर आधी दात बघतात. इथं तेवढीही चौकशी नाही! लई रडले.

१० सप्टेंबर

आईला विचारलं. "दादा बत्तीसचा झाला बाई. पोरीच मिळंना गेल्यात. मी तरी काय करू?" दादा तिथंच जेवत होता. मान वर केली नाही त्यानं. त्याचा लई राग आला.

१२ सप्टेंबर

आज आबांनीच फोन हातात दिला. "अंजू, तुझी ती फाईल... सापडंना मला. आष्टीवाल्यांना पाठीव बरं."

पाठवली. पण बायोडाटा नाही, पत्र. आणि आष्टीला नाही, भावकीच्या ग्रुपवर! एकशेबारा माणसं. वर लिहिलं — 'माझी लेक नर्सिंगला लागली. बीडला घेऊन निघालो. आशीर्वाद असावेत. — तात्याबा.'

फोन गुपचूप आबांच्या खिशात ठेवून दिला.

१३ सप्टेंबर

सकाळपासून अभिनंदन! सरपंच शाल घेऊन आले. "तात्याबा, गावातली पहिली पोरगी बघ!" आबा एकदा माझ्याकडं बघत होते, एकदा शालीकडं. शेवटी खाकरून म्हणाले, "पोरीला शिकवायचंच होतं मला."

१५ सप्टेंबर

प्रवेश झाला!!! आबा फेटा बांधून आले होते. कॉलेजच्या शिपायाला धरून सांगत होते, "आमच्यात पोरगा-पोरगी भेद न्हाई." दादानं त्याचा जुना फोन दिला, नवं सिम घालून.

१६ सप्टेंबर

आष्टीवाल्यांचा आबांना फोन — "नर्स सून म्हणजे लई भारी! तीन वर्षं थांबतो आमी." आबांनी लगेच हो म्हणून टाकलं. मला विचारलं का? विचारायचं नावच नाही. थांबा म्हणावं!

१८ सप्टेंबर

अनोळखी नंबर. ऋतुजा — दादाला ठरवलेली ती आष्टीची पोरगी. हळू बोलत होती. "ताई, मलाबी नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. कसा भरतेत?"

म्हणलं, माझा नंबर कुणी दिला गं तुला?

"तुमच्या दादानीच."