जुन्या संगणकांसाठी आणखी एक वर्ष

शुक्रवार, संध्याकाळ. ताडकळस

"यंत्र म्हातारं होत नसतंय पोरी, माणूस कंटाळतो," मला लिनक्स शिकवणारे परभणीचे सर वीस वर्षांपूर्वी म्हणाले होते. आज ते खोटं ठरलं. शाळेतले सहा जुने संगणक मी बसवलेल्या लिनक्स या फुकटच्या प्रणालीवरच इतकी वर्षं चालले. मुलींनी आयांच्या लुगड्यांच्या खोळी शिवल्या त्यांना. आता लिनक्सची नवी आवृत्ती आलीय, आणि ती असल्या जुन्या यंत्रांवर चालणारच नाही. जुन्या आवृत्तीतल्या दोषांची दुरुस्ती याच महिन्यात थांबतेय, मग ती इंटरनेटवर वापरणं धोक्याचं. हे मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं. काय घाई होती? गप्प बसले असते तर?

"मग सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो, मॅडम. लय जागा अडलीय."

"अन् नवे?"

"नवे कुठून आणायचे? तुमीच सांगा."

दारात सातवीतली रुक्मिण उभी होती. म्हणाली, "बाई, मग आमच्या खोळी वापस द्या." रडली असती तर बरं वाटलं असतं. त्या खोळी... माझ्यानं एकही काढवली नाही.

घरी आल्यावर लिनक्स बनवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर गेले. माझ्यासारख्या कितीतरी जणांना तिथं आधीच नकार मिळालाय, अगदी नम्रपणे. तीही माणसं फुकटच राबतात, त्यांना काय बोलणार? तरी लिहिलंच: आमच्या सहा यंत्रांसाठी जुनी आवृत्ती अजून एक वर्ष सांभाळाल का?