निळ्या खुर्चीवरचं पाकीट

८ फेब्रुवारी २०१४, मरीन परेड
आले एकदाची! आईच्या आजारपणात वर्षभर पुण्यात अडकले होते. क्षितिज नोकरीसाठी जाईला घेऊन पुढे इकडे परदेशात आला होता. फ्लॅट छान हवेशीर आहे. सात वर्षांची माझी लेक मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. चालेल. आता मी आलेय, सगळं ताळ्यावर आणीन.

९ फेब्रुवारी
क्षितिजने सेंबावांगच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं. कित्येक दिवसांत पाऊस नाही, गवत पार वाळलंय, आणि तसल्या उन्हात लोक वाफाळत्या पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसलेले! कुणी त्यातच अंडी उकडत होतं. एक निळी खुर्ची रिकामी होती. समोर भरलेली बादली, बैठकीवर टिश्यूचं पाकीट. इथे म्हणे पाकीट ठेवलं की जागा राखली. वीस मिनिटं उभी राहिले, कुणी फिरकेना. माझं डोकंच फिरलं. पाकीट फेकलं आणि बसले. इथल्या बोलीतला 'लाह' लावून जाई ओरडली, "आई, समवन सिटिंग लाह!" तिलाही झापलं. शेजारच्या म्हाताऱ्याने आपली बादली उचलली आणि लांब जाऊन बसला.

१२ फेब्रुवारी
जेवायच्या टेबलाशी माझ्या खुर्चीवर तेच पाकीट. ओलं, कोमट. क्षितिज म्हणतो, तूच ठेवलं असशील. म्हणजे मी वेडी? कचऱ्यात टाकलं.

१५ फेब्रुवारी
आज पलंगावर, माझ्या बाजूला. उशीला उकडलेल्या अंड्यांचा वास. फाडून चिंध्या केल्या. क्षितिजने चहा केला, दोनच कप. स्वतःचा आणि – दुसरा माझ्यासाठी नव्हता.

१९ फेब्रुवारी
स्वयंपाकघरात जाई कुणाला तरी आई म्हणत होती. मी ओ दिली तर दचकली. फरशीवर ओली पावलं. माझी नाहीत. वर्षभर लेकीविना काढलंय मी. आता कुणी मध्ये आलं तर –

२३ फेब्रुवारी, झऱ्यावर
भांडायलाच आलेय, एकटी. नवं पाकीट निळ्या खुर्चीवर ठेवलं. म्हटलं, घे तुझी जागा, माझी सोड. पाय एकदम भाजले – जरा त्याच खुर्चीत टेकले – उठता येत नाही. पाय बादलीत. पाकीट मांडीवर.

दुपार
क्षितिज आलाय. जाईसुद्धा. माझा पिवळा कुर्ता घातलेली ती कोण – जाईचा हात सोड, सटवे – घसा फुटेस्तोवर ओरडले. कुणी बघत नाही.

जाई इथे येतेय. बसणार होती. पाकीट बघून थांबली. त्या बाईला म्हणाली, आई, समवन सिटिंग लाह –

अगं मीच बसलेय, जाई, मी